जपानची सहल : भीती कशाची, काळजी कशाची?

परदेशी चलनाची चौकशी करण्यासाठी बँकेच्या शाखेत येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांचे स्वरूप अलीकडच्या काळात बरेच बदलले आहे. पूर्वी मुलगा अमेरिकेत किंवा मुलगी इंग्लंडमध्ये म्हणून परदेशगमन घडत असे. विमानतळावर न्यायला माणूस येई, मुक्काम मुलांच्या घरी असे आणि खिशातील डॉलर बहुधा तसेच परत येत. आता निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातील काही भाग बाजूला काढून, केवळ पाहण्यासाठी आणि हिंडण्यासाठी परदेशी निघणारी दांपत्ये दिसू लागली आहेत. त्यांच्या यादीत जपानचे नाव वरच्या क्रमांकावर असते. मात्र हे नाव निघाले की पाठोपाठ तीन शंका ठरल्याप्रमाणे येतात : भाषा कळणार नाही, शाकाहारी माणसाला खायला काही मिळणार नाही आणि एवढ्या मोठ्या शहरात हरवलो तर कोणी विचारणार नाही. या तीन शंकांपायी अनेकजण दुप्पट पैसे मोजून गटसहलीत नाव नोंदवतात आणि निश्चिंत होतात.

या तीनही शंका अगदीच निराधार आहेत असे नाही. परंतु त्यांना दिले जाणारे महत्त्व अवास्तव आहे. जपानमध्ये भारतीय प्रवाशाची खरी अडचण होते ती ज्यांची त्याने कधी भीतीच बाळगलेली नसते अशा गोष्टींनी : औषधांच्या पिशवीने, बंद पडलेल्या कार्डाने, न घेतलेल्या विम्याने आणि चुकीच्या आठवड्याने. ‘तिथे गेल्यावर पाहू’ हा बाणा अन्यत्र एखादे वेळी निभावून जातो. जपानमध्ये नियम मोडून सोय करून देणारा माणूस सहसा भेटत नाही. तो कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे नकार देतो, आणि तो नकार शेवटचा असतो.

प्रथम भाषेची भीती. तोक्योच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक मार्गाला एक रोमन अक्षर व रंग आणि प्रत्येक स्थानकाला एक क्रमांक दिलेला आहे. गिन्झा मार्गावरील गिन्झा हे स्थानक ‘जी ०९’ आहे, एवढे कागदावर लिहिलेले असले की जपानी अक्षर न ओळखताही तेथे उतरता येते. फलकांवर इंग्रजी नावे असतात, डब्यात पुढील स्थानकाची घोषणा इंग्रजीतही होते, आणि फलाटावर गाडीचे दार नेमके कोठे येणार याच्या खुणा आखलेल्या असतात. मुंबईच्या लोकलमध्ये चढउतार केलेल्या माणसाला याचे फारसे दडपण वाटण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी. मोठ्या स्थानकात गाडी सापडणे सोपे, बाहेर पडणे अवघड. शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक निर्गमद्वारे आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलेला प्रवासी हॉटेलच्या अगदी जवळ असूनही अर्धा तास भटकतो. म्हणून पत्ता टिपून घेताना स्थानकाच्या नावासोबत दाराचा क्रमांकही टिपून घ्यावा. रस्ता चुकलाच तर चौकाचौकांत ‘कोबान’ नावाच्या छोट्या पोलीस चौक्या असतात आणि रस्ता सांगणे हे तेथील पोलिसाचे नित्याचे काम असते. भाषांतर करणारा मोबाईल दोघांच्या मधे ठेवला की उरलेले संभाषणही पार पडते. इतकेच ध्यानात असावे की गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि त्यानंतर उरते ती टॅक्सी, जी स्वस्त नाही.

अन्नाची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे भीती रास्त आहे, पण तिचे कारण बहुतेकांना माहीत नसते. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हा रस असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या मासळीपासून काढतात. त्यामुळे वाडग्यात फक्त भाज्या आणि शेवया दिसत असल्या तरी पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही; मासे नकोत आणि दाशीही नको, असे जपानी लिपीत लिहिलेले एक कार्ड जवळ बाळगावे. बौद्ध विहारांच्या परंपरेतील ‘शोजिन र्‍योरी’ हे भोजन मात्र मांस-मासळीवाचून रांधले जाते. क्योतोमध्ये ते मिळते आणि एकदा तरी घ्यावे असे असते. भारतीय उपाहारगृहे मोठ्या शहरांत आहेतच. तोक्योच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई भागात तर भारतीयांची मोठी वस्ती आहे; मूळचे पुण्याचे असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच विभागाच्या सभागृहावर निवडून आले होते. उरलेली उणीव घरचा चिवडा आणि मेतकूट भरून काढतात. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवण्याची किटली बहुधा असतेच. घरची नेऊ नये, कारण जपानमध्ये विजेचा दाब १०० व्होल्ट आहे आणि आपल्याकडील किटलीत तेथे पाणी नीट उकळत नाही. मोबाईलचा चार्जर चालतो. त्यासाठी दोन चपट्या पिनांचा जोड घ्यावा.

आता ज्यांची काळजी खरोखर करावी त्या गोष्टी. त्यात बँकेच्या ग्राहकाला सर्वांत जवळची म्हणजे पैसा. तंत्रज्ञानात अग्रेसर देश म्हणून जपानमध्ये सगळीकडे कार्ड चालेल अशी समजूत असते. मोठी दुकाने आणि हॉटेले यांच्यापुरती ती खरी आहे. लहान उपाहारगृहे, देवळांची प्रवेशतिकिटे, गावाकडच्या बसगाड्या आणि जुन्या धर्तीच्या खानावळी येथे आजही रोख येन लागतात. यूपीआय तेथे चालेल असे तर मुळीच गृहीत धरू नये. भारतातून निघताना परकीय चलनाच्या नोटा साधारणतः प्रत्येक प्रवासामागे ३,००० डॉलर किमतीपर्यंत नेता येतात. जपानच्या सहलीला इतक्या रोकडीची गरज नाही. पहिल्या दोन दिवसांपुरते येन बरोबर घ्यावेत आणि बाकी रक्कम कार्डावर ठेवावी, हे उत्तम.

मात्र कार्ड केवळ खिशात असून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नव्याने दिलेले कार्ड फक्त देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. परदेशी व्यवहारांची सोय ग्राहकाने स्वतः मागून किंवा मोबाईल ॲपमधून सुरू करावी लागते. तोक्योतील दुकानात कार्ड नाकारले जाण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, आणि त्या वेळी भारतात मध्यरात्र नसली तरी शाखा उघडलेली असेलच असे नाही. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक परदेशात संदेश घेऊ शकेल याची खात्री करून घ्यावी, अन्यथा ओटीपी येणार नाही. दोन निरनिराळ्या बँकांची कार्डे दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावीत. पैसे काढण्यासाठी रस्त्यावरच्या कोणत्याही जपानी बँकेचे यंत्र शोधत बसू नये. त्यांतील अनेक यंत्रे परदेशी कार्ड घेत नाहीत. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील सेव्हन बँकेची आणि टपाल खात्यातील जपान पोस्ट बँकेची यंत्रे घेतात. प्रत्येक वेळी शुल्क लागत असल्याने थोडे थोडे पैसे दहादा काढण्यापेक्षा दोनदा मोठी रक्कम काढणे हिताचे.

याच व्यवहारात एक छोटा सापळा असतो. यंत्राच्या पडद्यावर किंवा दुकानातील कार्ड-यंत्रावर प्रश्न उमटतो : रक्कम रुपयांत वळती करायची की येनमध्ये? रुपये पाहून जीव भांड्यात पडतो आणि बोट तिकडेच जाते. पण रुपयांत वळते करण्याचा दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो बहुधा ग्राहकाच्या तोट्याचा असतो. उत्तर नेहमी ‘येन’ असेच द्यावे. शाखेतील परकीय चलन विभागाच्या कर्मचाऱ्याने प्रत्येक प्रवाशाला सांगावे असे हे एक वाक्य आहे, आणि ते फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. सहलीच्या पॅकेजवर आणि मर्यादेपलीकडील परकीय चलनाच्या खरेदीवर कापला जाणारा टीसीएस बुडत नाही, प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, हेही त्याच वेळी सांगता येईल.

येनच्या नोटा हाताळताना एक योगायोग लक्षात येतो. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या १०,००० येनच्या नव्या नोटेवर एइची शिबुसावा यांचे चित्र आहे. १८७३ मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभी करणारे हे गृहस्थ. मुंबईचा कापूस जपानला नेणाऱ्या जहाजांवर त्या काळी एका ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी जमशेटजी टाटा आणि शिबुसावा यांनी एकत्र येऊन १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-जपान जहाजवाहतूक सुरू करवली. याच मालिकेतील १,००० येनच्या नोटेवर शिबासाबुरो कितासातो आहेत. प्लेगचा जंतू शोधण्यासाठी ते १८९४ मध्ये हाँगकाँगला गेले होते. दोनच वर्षांनी ती साथ मुंबईत आणि पुढे पुण्यात पोहोचली. मराठी माणसाच्या हातात त्या नोटा अगदीच परक्या नाहीत.

खर्चाचा दुसरा मोठा विषय रेल्वेचा पास. ‘जपान रेल पास घेतल्याशिवाय जाऊ नका’ हा सल्ला अजूनही तोंडातोंडी फिरत असतो. तो एके काळी योग्य होता. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनना मिळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत ५०,००० येन झाली. तोक्यो ते क्योतो हा शिंकान्सेनचा एकेरी प्रवास सुमारे १४,००० येनचा. म्हणजे जाऊन येऊन २८,०००. क्योतोहून पुढे हिरोशिमाला जाऊन थेट तोक्योला परतले तरी बेरीज ४५,००० च्या आसपास राहते. शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीसाठी पासधारकाला वेगळे पैसे भरावे लागतात. पहिल्यांदा जपान पाहणाऱ्या बहुतेकांचा मार्ग हाच असल्याने त्यांना पास तोट्यातच पडतो. पाठीवर ओझे नको म्हणून आधी पास काढून ठेवणे म्हणजे हिशेब न करता मुदत ठेव मोडण्यासारखे आहे. शहरांतर्गत प्रवासासाठी ‘सुइका’सारखे आगाऊ पैसे भरलेले कार्ड घ्यावे, पर्यटकांसाठीचे ‘वेलकम सुइका’ २८ दिवस चालते, मात्र त्यातील उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ते बेताने भरावे.

सामानाचे गणितही रेल्वेशीच निगडित आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेली पेटी तोक्यो-क्योतो मार्गावरील शिंकान्सेनमध्ये न्यायची तर २०२० पासून विशिष्ट आसन आधी राखून ठेवावे लागते. आपल्याकडील कुटुंबाची मोठी पेटी या मापात सहज बसते. त्यापेक्षा ‘ताक्युबिन’ या सेवेने पेटी पुढच्या हॉटेलवर पाठवून द्यावी. हॉटेलच्या स्वागतकक्षात चिठ्ठी भरली की पेटी बहुधा दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोहोचते. स्थानकांत उद्वाहक असतात खरे, पण ते फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असतात. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या माणसासाठी हा खर्च चैनीत मोडत नाही.

काळाची निवड हा आणखी एक दुर्लक्षित भाग. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यातील ‘ओबोन’ आणि नववर्षाचे दिवस, या तीन वेळी सारा जपान स्वतःच प्रवासाला निघालेला असतो. हॉटेलांचे दर चढतात आणि गाड्या भरून वाहतात. आपल्याकडील मे महिन्याच्या सुट्टीचा आरंभ नेमका पहिल्या आठवड्याशी जुळतो आणि तिथेच अनेकांचे अंदाजपत्रक कोसळते. मुलांच्या शाळेचे बंधन नसलेल्या निवृत्तांनी मेचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर निवडावा. फुलांच्या मोहापायी मार्चच्या अखेरीस जाणाऱ्यांनी गर्दीची तयारी ठेवावी. ऑगस्ट-सप्टेंबर हे वादळांचे महिने असतात. भूकंपाची सूचना देणारे ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप इंग्रजीतही आहे. ते बाराही महिने मोबाईलमध्ये असावे.

सर्वांत गंभीर विषय औषधांचा, आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते. परदेशी जाताना सर्दी-खोकल्यापासून पोटदुखीपर्यंतच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधणे ही आपली सवय. जपानच्या कायद्यात यांतील काही गोळ्या गुन्ह्याच्या वर्गात मोडू शकतात. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेले औषध आगाऊ परवानगीवाचून जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर आणि झोपेच्या काही गोळ्यांवर प्रमाणाच्या व मात्रेच्या मर्यादा आहेत. मॉर्फीनसारख्या तीव्र वेदनाशामकांना आगाऊ परवानगी लागते. भांगेबाबत तर जपान अतिशय कठोर आहे, आणि येथे आयुर्वेद घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे : जातिफलादि चूर्णासारख्या काही शास्त्रोक्त कल्पांत विजया, म्हणजे भांगच, असते. घरी पोटासाठी निर्धोकपणे घेतले जाणारे चूर्ण तेथील विमानतळावर वेगळ्याच नजरेने पाहिले जाईल.

रक्तदाब, मधुमेह यांच्या नेहमीच्या औषधांना अडचण नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून अधिक न्यायची तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचे प्रमाणपत्र जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून निघण्यापूर्वीच घ्यावे लागते. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, त्यांची जेनेरिक नावे लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर असावी आणि डबीत सुट्या टाकलेल्या रंगीबेरंगी गोळ्या शक्यतो टाळाव्यात. फळे आणि ताजी पाने यांनाही हाच न्याय. भारतीय आंब्यावरील बंदी जपानने २००६ मध्ये उठवली, पण ती बाष्पप्रक्रिया आणि तपासणी झालेल्या मालापुरती. तेथील आप्तांसाठी प्रेमाने नेलेली हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी विमानतळावरच जमा होते. मांसाच्या पदार्थांचीही तीच गत.

औषधांच्या बरोबरीने विमा. जपानमधील सरकारी आरोग्य विम्याचा लाभ पर्यटकाला मिळत नाही. रुग्णालयाचा पूर्ण खर्च त्याने स्वतः द्यायचा असतो. थकवलेल्या मोठ्या वैद्यकीय बिलाची माहिती तेथील इमिग्रेशन खात्याकडे जाते आणि पुढील वेळी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कित्येक प्रवासी विमा घेतात खरे, परंतु हप्ता वाढेल म्हणून जुना मधुमेह किंवा पूर्वीची अँजिओप्लास्टी अर्जात लिहीत नाहीत. असा विमा ऐन वेळी कागदच ठरतो. लाखोंच्या सहलीत काही हजारांची ही काटकसर सर्वांत महाग पडणारी आहे. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक पाठ असावेत.

व्हिसासाठी फार लिहिण्याची गरज नाही. २०२४ पासून भारतातील अर्जदारांना पर्यटनासाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळू लागला आहे. त्यात एक खोच आहे : विमानतळावर तो मोबाईलच्या पडद्यावर, इंटरनेट जोडलेले असताना दाखवायचा असतो, छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. पासपोर्ट सतत जवळ बाळगणे पर्यटकाला कायद्याने बंधनकारक आहे. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायला जाण्याचा आपल्याकडील शहाणपणा तेथे चुकीचा ठरतो. खरेदीवरील करमाफीची पद्धतही बदलण्यात आली आहे. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात आधी कर भरायचा आणि देश सोडताना मालाची खातरजमा झाल्यावर तो परत मिळवायचा, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे परतीच्या दिवशी विमानतळावर थोडे आधी पोहोचणे आले.

हे सर्व पाहिल्यावर गटसहली निरुपयोगी आहेत असा अर्थ काढू नये. ज्यांना सामान उचलवत नाही, मोबाईल हाताळण्याचा कंटाळा आहे किंवा ज्यांना दहा मराठी माणसांची संगत हीच अर्धी सहल वाटते, त्यांनी खुशाल गटातून जावे. पण ‘आपल्याला जमणार नाही’ एवढ्याच कारणासाठी लाख-दीड लाख अधिक मोजण्यापूर्वी त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन एकदा बेरीज करून पाहावी. आणि गटातून गेले तरी औषधांची पिशवी, कार्ड आणि विम्याचा अर्ज ज्याचा त्यालाच पाहावा लागतो. त्याची जबाबदारी कोणताही सहल-व्यवस्थापक घेत नाही.

परतल्यावर उरलेल्या नोटांचा हिशेब राहतो. २,००० डॉलर किमतीपर्यंतचे परकीय चलन पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते. त्याहून अधिक असेल तर परतल्यापासून १८० दिवसांत ते बँकेत जमा करावे. नाणी मात्र येथे कोणी बदलून देत नाही, आणि जपानचे ५०० येनचे एक नाणे म्हणजे काही चिल्लर नव्हे. ती शेवटच्या दिवशी तेथेच संपवावीत. मध्ये भोक असलेले पाच येनचे पिवळे नाणे उरलेच तर ते देवळातील पेटीत टाकावे. त्याचा ‘गो-एन’ हा उच्चार जपानीत ऋणानुबंध या अर्थाच्या शब्दासारखाच होतो, म्हणून तेथील माणसेही देवापुढे बहुधा तेच नाणे टाकतात.